नवाबाचा फ्रिजमधला मुक्काम

"अख्ख्या शहाद्याला गार ठेवतो मी! एवढंसं वीतभर जनावर मला जड जाईल होय?"

दाऊद कूलरवाल्याने छाती ठोकून लेकीला सांगितलं आणि तिला एसटीत बसवून दिलं. आफशीन नर्सिंगच्या परीक्षेला नंदुरबारला निघाली होती. परतणार थेट बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी! मागे राहिला तिचा जीव की प्राण नवाब. नवाब म्हणजे ॲक्सोलॉटल. पाण्यातलं गुलाबी जनावर, चार पाय, कानाशी पिसांसारखे कल्ले आणि काही झालं तरी हसरं तोंड. दोन वर्षं पोरीने त्याला हाताने गांडुळं भरवली होती. खिडकीत बसून तिने डोळे पुसले ते बापासाठी नव्हे, नवाबासाठी!

दुसऱ्याच दिवशी पारा चव्वेचाळीसवर गेला. दाऊदने टाकीतलं कोमट पाणी उपसलं आणि नळाचं ताजं पाणी भरलं. नेमका त्या दिवशी नळाला ब्लीचिंग पावडरचा भपकारा येत होता! दुपारपर्यंत नवाबाचे कल्ले शिळ्या कोथिंबिरीसारखे लोंबले. गांडूळ पुढे धरलं तर त्याने तोंड फिरवलं, तेही हसत हसत!  परीक्षा देऊन आलेल्या पोरीला दाऊद काय तोंड दाखवणार?

तो माशांच्या टाक्या विकणाऱ्या भाईदासकडे धावला.

"दाऊदभाई, यान्हा जीव घेतस का? पाणी एक दिन बादलीमा उघडं ठेवा, मंग रोज जुनं काढीसन तेच भरा. आनि याले डबामा घालीसन फ्रिजमा ठेवा!"

"फ्रिजमा?"

"फ्रिजमा! थंडाईमाच बरा व्हई तो."

आता आली का पंचाईत! बायकोने, खातूनने, आधीच बजावलं होतं, "ती पाल माझ्या फ्रिजच्या दहा हातांच्या आत आली, तर या घरात ती तरी राहील नाही तर मी!" वीस वर्षांचा संसार मोडण्यापेक्षा दाऊदने चोरी पत्करली. घट्ट झाकणाचा आइस्क्रीमचा मोठा डबा घेतला, नवाबाला आत सोडलं, हवेसाठी झाकणाचा एक कोपरा उचलून ठेवला आणि डबा फ्रिजच्या तळाला, पार मागे सारला.

रोज सकाळी तो चोरून डोकावायचा. पाणी बघावं तर लख्ख! मग कशाला बदलायचं? फ्रिजमध्ये पाणी खराबच होत नाही, हा शोध आपल्याला लागला म्हणून स्वारी खूश. बादलीतल्या पाण्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. आफशीनचा फोन आला की म्हणायचा, "नवाब एकदम फर्स्टक्लास!"

ईद झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने फ्रिज उघडला, तळापर्यंत हात घालून चाचपलं. डबा गायब!

"इथला आइस्क्रीमचा डबा?"

"सबीहाआपाकडे पाठवला, कुर्बानीच्या मटणाच्या हिश्श्याबरोबर," खातून कांदा चिरता चिरता म्हणाली.

बोलायची सोय नव्हती. फोन करून 'डबा उघडू नका' म्हणावं, तर लोक आधी तोच उघडणार! दाऊदने स्कूटरला किक मारली.

"भाईजान, फ्रिजमध्ये सुई ठेवायला जागा नाही," त्याची बहीण सबीहा म्हणाली. "न उघडताच जाहिदभाईंकडे दिला."

ईदच्या दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात हेच चालतं! प्रत्येकाचा फ्रिज गच्च, म्हणून एकाचा डबा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे. जाहिद टेलर गळ्यात टेप अडकवून दारातच उभा होता.

"डबा ना? आतून डुचमळत होता. पायाचा शोरबा असणार! तुमच्या घरचा हिस्सा द्यायचा राहिला होता, तर तोच पाठवला. भाभींना सांगितलंय, चांगला उकळून खा!"

उकळून! दाऊदने स्कूटर अशी पिटाळली की वाटेतला केळीवाला शिव्या द्यायलाही विसरला. घरात शिरतो तो काय, ओट्यावर रिकामा डबा आणि गॅसवर पातेलं रटरटतंय!

"गॅस बंद कर! खातून, त्यात नवाब आहे गं!" एवढं बोलून तो भिंतीला टेकला आणि लहान पोरासारखा रडू लागला. "पोरीला काय सांगू मी?"

खातून पदराला हात पुसत आली. "यात बकऱ्याचा पाया आहे. सकाळी मीच भरला, मोहल्ला फिरून घरी आला. नवाब फ्रिजमध्येच आहे, माझ्या स्टीलच्या पातेल्यात. घट्ट झाकणाचा डबा घरात तेवढाच, म्हणून त्याला हलवला."

"म्हणजे... तुला माहीत होतं?"

"माझ्याच फ्रिजमध्ये, आफशीनचे अब्बा, माझ्यापासून लपवणार? रोज पहाटे फजरच्या नमाजाला उठून पाणी कोण बदलत होतं?"

तेवढ्यात आफशीन आली. पिशवी टाकून आधी फ्रिजकडे! नवाबाचे कल्ले मस्त फुलले होते. तिने गांडूळ पुढे केलं आणि त्याने ते गपकन गिळलं. पोरगी धावत येऊन बापाच्या गळ्यात पडली.

"अब्बा, तुम्ही खरंच रोज पाणी बदललंत?"

दाऊदने बायकोकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं.

"पाणी रोज... बदललं गेलं, बेटा," तो म्हणाला.

खातूनने पायाची वाटी त्याच्यापुढे जरा जोरातच आपटली.