मेजरचं बनियन

मेजरच्या पोटाला खाज सुटली, त्याच दिवशी मेट्रनबाईंनी जाहीर करून टाकलं की हे दुखणं महिन्याभरात घराबाहेर जाईल.

मेजर म्हणजे त्यांनी नुकताच पाळलेला करड्या-पांढऱ्या रंगाचा बोका. मेट्रनबाई हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांच्यातली मेट्रन काही निवृत्त झाली नव्हती. चादरींचे कोपरे अजूनही काटकोनात दुमडले जात आणि नवरा विचारल्याशिवाय बोलत नसे.

"अ‍ॅलर्जी आहे," प्राण्यांच्या डॉक्टरांनी मेजरला उताणं करून सांगितलं. "खाण्यातली असावी. चिकन बंद. काही आठवडे फक्त मासे. बाकी एक कणसुद्धा पोटात जायला नको."

"माझ्या वॉर्डात पथ्य मोडायची कुणाची छाती झाली नाही," मेट्रनबाई म्हणाल्या.

पथ्य चोख सुरू झालं. मेजर मासे खाई, खिडकीतून फेरफटका मारायला जाई आणि परत येऊन खसाखसा खाजवत बसे. एके दिवशी तो परतला तर मांडीवरचे केस गायब. तेही नीट चौकोनात.

डॉक्टरांनी त्या चौकोनावरून बोट फिरवलं. "अ‍ॅलर्जीनं केस जातात हो, पण असे पट्टी लावून आखल्यासारखे जात नाहीत."

"मग हा नवीन प्रकार असेल," मेट्रनबाई ठामपणे म्हणाल्या. "तुम्ही अभ्यास करा."

डॉक्टर अभ्यास करत असतानाच मेजर एका संध्याकाळी बनियन घालून घरी आला. पोट झाकणारं, पायांना भोकं असलेलं, पाठीवर तीन बटणं. काजं इतकी सुबक की मेट्रनबाईंनाही नावं ठेवता येईनात.

नवऱ्यानं चष्मा लावला. न विचारताच बोलला. "हे माझ्या शर्टाचं कापड आहे. उरलेलं मी शिंपीणबाईंकडे ठेवलं होतं."

मेट्रनबाईंनी मेजरला काखोटीला मारलं आणि तडक मागची गल्ली गाठली. शिंपीणबाई दारातच उभ्या होत्या. दुकानात चिंध्या, दोरे आणि कापडाची धूळ यांचा नुसता खच पडला होता.

"अगंबाई, बाळाला आणलंत होय? मघापासून हाका मारतेय मी," शिंपीणबाई म्हणाल्या आणि मेजर टुणकन उडी मारून मशीनवर जाऊन बसला. जागा त्याच्या सरावाची दिसत होती.

"बाळ? हा आमचा मेजर आहे."

"असेल. दुपारी माझ्याकडेच जेवतो."

"काय जेवतो?"

"चिकन. दुसरं काही नाही. आमच्या डॉक्टरांनी मासे बंद केलेत त्याचे. रक्त काढायला मांडीवरचे केसही भादरले बिचाऱ्याचे. आणि पोट चाटू नये म्हणून मी बनियन शिवलं."

मेट्रनबाई खुर्चीवर टेकल्या. दोन घरांतून दोन कडक पथ्यं चालली होती आणि मेजर दोन्ही मनापासून पाळत होता.

"खाज कशानं येते ते मला आत्ता कळलं," त्या सावरून म्हणाल्या. "ही धूळ बघा जरा."

"धूळ माझी, पण खाजवत येतो तो तुमच्याकडून," शिंपीणबाईंनी दोरा दातानं तोडला.

दोघी मेट्रनबाईंच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी तोडगा काढला: जेवण दोन्हीकडे एकच, आणि मेजरनं आधी एका घरात कोंडून राहायचं, मग दुसऱ्यात. निकाल काय लागणार याबद्दल मेट्रनबाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

शिंपीणबाईंकडे मेजर चिंध्यांच्या ढिगात लोळला आणि ठणठणीत झाला. पोटावर नवी लव आली. मेट्रनबाईंकडे आल्यावर मात्र दोन दिवसांत पोट आणि तळवे लालभडक.

"जमिनीला टेकतो तेवढाच भाग," डॉक्टर म्हणाले. "फरशी कशानं पुसता?"

"हॉस्पिटलातल्या जंतुनाशकानं. पहिल्यापासून, सकाळ-संध्याकाळ. बाटलीवर लिहिलंय त्याच्या दुप्पट घालते मी." हे सांगताना त्यांची मान ताठ होती. मग डॉक्टरांनी मेजरचा लाल तळवा त्यांच्यापुढे धरला, तेव्हा ती हळूहळू खाली आली.

त्या दिवसापासून फरशी साध्या पाण्यानं पुसली जाऊ लागली. पहिले काही दिवस मेट्रनबाईंना आपण गुन्हा करतोय असंच वाटत होतं. पण मेजरचं पोट निवळलं, बनियन खुंटीवर गेलं आणि त्यांनी शिंपीणबाईंना स्वतःहून चहाला बोलावलं. त्यांच्या दृष्टीनं ही माफीच होती.

चहा घेताना नवरा आपले तळपाय निरखत बसला होता.

"काय बघताय?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"खाज थांबली."

"मेजरची ना? केव्हाच थांबली."

"माझी," तो म्हणाला. "लग्न झाल्यापासून होती."

मेट्रनबाईंचा कप वाटेतच थांबला. "इतकी वर्षं? अहो, मग बोलला का नाहीत?"

नवऱ्यानं मेजरला मांडीवर ओढून घेतलं. "मला वाटलं, लग्नानंतर सगळ्यांनाच सुटते."