दाजीसाहेबांचं दुखणं आणि बदकाचं पिल्लू

एका जंगलात, मुलांनो, सिनेमे होते.

पडदा कोणी टांगला, वीज कुठून यायची, असं विचारू नका. गोष्टीत सिंह बोलतो तेव्हा त्याला व्याकरण कोणी शिकवलं असं तुम्ही विचारत नाही. तसंच हे.

त्या जंगलात दाजीसाहेब नावाचा एक गवा राहत होता. केवढा, तर अंग खाजवायला त्याने झाडाला पाठ टेकली की वरचे पक्षी आपणहून उठून दुसऱ्या झाडावर जायचे. एवढा मोठा प्राणी फार बोलत नसेल तर तो विचार करतोय असं सगळ्यांना वाटतं. दाजीसाहेब फार बोलत नसत. म्हणून जंगलाने त्यांना रसिक चित्रपट मंडळाचं अध्यक्ष केलं.

मंडळाचे चिटणीस होते बगळे सर. ते दाजीसाहेबांच्या पाठीवरच बसत. तिथून लांबचं दिसे, आणि किडे मिळत ते वेगळेच. सर एका पायावर उभं राहून सिनेमा पाहत. सिनेमा संपला की दुसरा पाय खाली ठेवत. म्हणजे चर्चा सुरू झाली.

मंडळ फक्त चांगले सिनेमे दाखवी. चांगला सिनेमा ओळखायचा कसा, हे सरांमुळे सगळ्यांना कळलं होतं. जो पाहताना घरी जावंसं वाटतं, पण गेलो तर चारजण काय म्हणतील म्हणून जाता येत नाही, तो चांगला.

दाजीसाहेबांना मात्र मनातून एक भलताच सिनेमा आवडायचा.

त्याचं असं झालं होतं. गव्यांमध्ये मुलगा मोठा झाला की त्याला कळप सोडावा लागतो. दाजीसाहेबांनीही सोडला. आईने मागे वळून पाहिलं नाही. पाहायची पद्धत नाही. ते एकटेच डोंगर उतरून एका जत्रेत पोचले. तिथे तंबूत सिनेमा लागला होता, ‘चिमी घरी आली’.

चिमी म्हणजे बदकाचं पिल्लू. ते बाजारात हरवतं. एक मुंगूस त्याच्या मागे लागतं. मध्येच काही बेडूक येऊन उगाच नाचून जातात. शेवटी काहीही कारण नसताना मुंगसाला पश्चात्ताप होतो, आणि चिमी घरी येते. दारात आई उभी असते. संपलं. शेवट नावातच सांगून टाकलेला, त्यामुळे पाहणाऱ्याच्या जिवाला घोर नाही. तंबूत अगदी मागे बसून तो धिप्पाड गवा ढसाढसा रडला, आणि बाहेर येऊन पोटभर गवत खाऊन झोपला.

तेव्हापासून अंगात कणकण असली, कोणी काही लागेलसं बोललं, की दाजीसाहेब दार लावून चिमी पाहत. हे ठाऊक होतं एकट्या अनसूयाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला. त्या शेजारी बसून बांबूचे कोंब सोलायच्या आणि मुंगूस आलं की मुकाट्याने कोंबांची पाटी त्यांच्याकडे सरकवायच्या.

एकदा मंडळाची स्मरणिका निघाली. तिच्यात मान्यवरांना एक प्रश्न होता. आजारी असताना किंवा मन खचलेलं असताना आपण कोणता सिनेमा पाहता?

चिमीचं नाव दाजीसाहेबांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण उत्तर टिपून घ्यायला बगळे सर पाठीवर उभे होते. दाजीसाहेबांनी घसा साफ केला आणि सांगितलं, ‘कातळावरचं शेवाळ’.

हा मंडळाचा सर्वांत मानाचा सिनेमा. चार तासांचा. त्यात एक कासव कातळाकडे पाहतं. मध्यंतरानंतर कातळ कासवाकडे पाहतो असं सर म्हणत; इतरांना दोन्हींतला फरक कळत नसे. अध्यक्षांचं उत्तर ऐकून सर धन्य झाले. त्यांनी ते जंगलभर केलं. मग उरलेल्या मान्यवरांनीही तेच उत्तर दिलं. आपणच हलके कोण ठरणार?

आणि त्या थंडीत दाजीसाहेब आजारी पडले.

आधी ताप आला. ताप गेला, पण दाजीसाहेब उठेनात. कोवळं गवत आणलं तरी तोंड फिरवत. करवंदीच्या जाळीमागे आपल्या घरी नुसते पडून राहत आणि भिंतीकडे बघत. काय होतंय म्हणून विचारलं तर काही नाही म्हणत. अनसूयाबाईंना हे लक्षण ओळखीचं होतं. त्यांनी दार लावलं आणि सिनेमा लावायला घेतला. तेवढ्यात दार वाजलं.

दारात डॉक्टर साळिंदर होते. त्यांच्यामागे सर. त्यांच्यामागे अर्धं मंडळ.

डॉक्टर हुशार होते. इंजेक्शनाच्या सुया त्यांच्या अंगावरच असत. पण त्या दिवशी त्यांनी एकही वापरली नाही. नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि शरीरात आता दुखणं राहिलेलं नाही, मन बसलंय, असं सांगितलं. त्यांच्या आवडीचं काहीतरी दाखवा म्हणाले. आणि काय आवडतं ते विचारायचीही गरज नव्हती. स्मरणिका त्यांच्या दवाखान्यात टेबलावरच असे.

त्या दुपारी दाजीसाहेबांना ‘कातळावरचं शेवाळ’ दाखवण्यात आला. दुसऱ्या दुपारीही. तिसऱ्याही.

अध्यक्षांना एकटं वाटू नये म्हणून सगळे येऊन बसत. भेकर यायचं, रानडुकरं यायची, मोर पिसारा आवरून कोपऱ्यात मावायचा. कोणाला झोप आली तर शेजारचा ढोसायचा. चार तासांनी सर दुसरा पाय खाली ठेवत आणि कातळाच्या मौनावर बोलत. दाजीसाहेब मान हलवत. खरं तर मान आपोआप खाली जाई आणि ते ती वर आणत, पण लांबून ते पटल्यासारखं दिसे.

ते खंगत चालले. खांद्यांची हाडं दिसू लागली. पाणीही घोटभरच घेऊ लागले. डॉक्टरांनी औषध लागू पडत नाही असं म्हणण्याऐवजी कमी पडतंय असं ठरवलं, आणि सिनेमा सकाळ-दुपार असा दोनदा दाखवायला सांगितला.

एकदा सकाळचा खेळ संपला आणि सर मासे धरायला ओढ्यावर गेले. घर रिकामं झालं. अनसूयाबाई नवऱ्याजवळ येऊन बसल्या. मी सांगून टाकते सगळ्यांना, म्हणाल्या.

दाजीसाहेबांनी नको म्हणून शिंग हलवलं. इतकी वर्षं आपण मंडळाचे अध्यक्ष. ज्यांना आपण शेवाळ पाहायला बसवलं, त्यांना आता बदकाचं पिल्लू कसं दाखवायचं? आपलं एक वेळ राहू दे, मंडळाचं नाव जाईल.

“मंडळाचं नाव राहील हो,” अनसूयाबाई म्हणाल्या. “मी कुणाकडे बघून राहू?”

दाजीसाहेबांनी डोळे मिटून घेतले. त्यांना बोलायची ताकदच नव्हती.

दुपारी सगळे पुन्हा जमले. डॉक्टर बसले, भेकर बसलं, सरांनी एक पाय वर घेतला. पडद्यावर कातळ यायचा तर बाजार आला. टोपल्या, भाज्या, गलका. आणि त्या गलक्यात एक पिवळं पिल्लू आईचं शेपूट शोधत भिरभिरताना दिसलं.

सरांनी पाय खाली ठेवला. सिनेमा सुरू होताच त्यांचा पाय खाली आल्याचं कोणी कधी पाहिलं नव्हतं. हे कोणी लावलं, असं त्यांनी विचारलं.

“मी लावलं,” अनसूयाबाई म्हणाल्या. “माझ्या आवडीचा आहे. मी अडाणी बाई, मला तुमचं कळत नाही. यांच्या सेवेत दमले, म्हणून म्हटलं आज आपलं पाहावं.”

सर हसले. ते हसू कसं होतं ते मी सांगत नाही, पण दाजीसाहेबांनी डोळे उघडले तेव्हा त्यांना पहिलं तेच दिसलं. मग त्या हसण्याखाली मान घालून बसलेली आपली बायको दिसली. पडद्यावर बेडूक नाचायला आले होते.

दाजीसाहेब पुढच्या पायांवर उठले.

“तिच्या नाही,” ते म्हणाले. “माझ्या आवडीचा आहे. कळप सोडला तेव्हापासून. ते शेवाळ मला कधी कळलं नाही.”

आणि खाली बसून ते सिनेमा पाहू लागले.

कोणीच हललं नाही. मुंगूस आलं. अनसूयाबाईंनी पाटी सरकवली, आणि इतक्या दिवसांनी दाजीसाहेबांनी एक कोंब तोंडात घेतला. मागून कोणीतरी नाक ओढलं. ते डॉक्टर होते. रानडुकरं बेडकांचं गाणं पुटपुटत होती. त्यांना ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होतं. चिमी दारात पोचली तेव्हा सगळं घर रडत होतं. सर छताकडे बघत होते.

आठवड्याच्या आत दाजीसाहेब ओढ्यापर्यंत चालत जाऊ लागले.

मुलांनो, साध्या गोष्टी इथे संपतात. खरं बोलावं, मोकळं व्हावं, असं सांगून आजी दिवा मालवते. पण त्या जंगलात सुशिक्षित प्राणी फार होते.

बगळे सर काही दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग त्यांचा लेख आला, ‘चिमी : विस्थापनाचं आदिम रूपक’. त्यात त्यांनी दाखवून दिलं की हा सिनेमा फार खोल आहे आणि आजवर तो कोणालाच कळलेला नाही. बेडूक उगाच नाचत नाहीत. तो व्यवस्थेचा नाच आहे. मुंगसाच्या पश्चात्तापाला कारण नाही, हेच त्याचं कारण आहे. आणि दारात उभी आहे ती आई नव्हे, ते दार आहे. मग दार काय आहे, यावर पुढे चर्चासत्र झालं. उद्घाटन अर्थात अध्यक्षांनी केलं. दोन दिवस बसून त्यांनी सगळं ऐकलं, कारण पाठीवर सर होते.

डॉक्टर साळिंदर प्रत्येकाला चिमी लिहून देऊ लागले. खोकल्याला जेवणाआधी, पोटदुखीला जेवणानंतर. शाळेत चिमी सक्तीची झाली. परीक्षेत प्रश्न आला, ‘चिमी घरी का आली? सकारण लिहा.’ भेकराचं पाडस त्यात नापास झालं. तिला आई हवी होती, एवढंच त्याने लिहिलं होतं.

शेवटी सरांनी कुठूनतरी सिनेमाची मूळ प्रत शोधून काढली. तिच्यात चिमी घरी येतच नाही. मंडळाने यापुढे हीच अस्सल मानायची असा ठराव केला. दाजीसाहेबांनी सही केली.

पुढच्या थंडीत ते पुन्हा पडून राहिले. अन्न नको, बोलणं नको, नुसती भिंत.

अनसूयाबाईंनी दार लावलं आणि त्यांची जुनी चिमी लावली, घरी येणारी. दाजीसाहेब पाहत राहिले. बाजार आला तेव्हा त्यांना विस्थापन आठवलं. बेडूक आले तेव्हा व्यवस्था आठवली. चिमी दारात पोचली, आणि ती आई आहे की दार आहे याचा विचार करता करता सिनेमा संपून गेला. डोळ्यांत टिपूस आला नाही.

“गेली गं ती,” ते म्हणाले.

अनसूयाबाईंनी पडदा बंद केला. मग उठून दाराची कडी लागलीय ना ते पाहिलं, खिडकीही लावली, आणि हळूच म्हणाल्या, आपल्याकडे एक आहे.

एक काय, असं दाजीसाहेबांनी विचारलं.

एक सिनेमा, त्या म्हणाल्या. लग्नाआधीपासूनचा. दाजीसाहेब मंडळाच्या बैठकीला गेले आणि घरात मन लागेनासं झालं, की त्या तो पाहत आल्या होत्या. पोरं दूर गेली तेव्हा पाहिला होता. मागच्या वर्षी तापाच्या दिवसांत, ते झोपलेले असताना, आवाज बंद करून पाहिला होता.

दाजीसाहेब चकित झाले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की बायकोलाही चिमीच आवडते.

“चिमी मला मुळीच आवडत नाही,” अनसूयाबाई म्हणाल्या. “फार रडकी आहे.”

मग सांगितलं का नाहीस कधी, असं त्यांनी विचारलं. कुणी विचारलंच नाही, असं त्या म्हणाल्या. आणि आता दाखवते, पण एका अटीवर. पाठीवर कोणी असताना या सिनेमाचा विचारसुद्धा मनात आणायचा नाही.

दाजीसाहेबांनी कबूल केलं.

सिनेमा अगदीच टाकाऊ होता. त्याच्यात गोष्ट अशी नव्हतीच, आणि जी होती तिला काही अर्थ नव्हता. दाजीसाहेब थोडा वेळ चिमीच्या आठवणीने सुस्कारे टाकत राहिले. मग एका जागी अनसूयाबाई खुदकन हसल्या. एवढ्या वर्षांत बायकोला असं हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं. ते पडद्याऐवजी तिच्याकडेच पाहू लागले. पाहता पाहता त्यांना भूक लागली.

त्या सिनेमाचं नाव काय, असं तुम्ही विचाराल. मला ठाऊक आहे. दाजीसाहेबांनाही ठाऊक आहे. सर हल्ली रोज पाठीवरून खाली वाकून विचारतात, सध्या काय पाहताय? दाजीसाहेब गवत चावत सांगतात, “शेवाळच. यंदा मला कातळ थोडा कळायला लागलाय.”

तात्पर्य : खरं बोलल्याने दुखणं बरं होतं, पण एकदाच. पुढच्या दुखण्यासाठी घरात निदान एकाने तरी खोटं बोलत राहावं.