लोटननानांचा तांबडा दिवा

खानदेशात गुप्तहेर दोनच. एक लोटननाना, दुसरा इतका गुप्त, की तो नानांनाही अजून सापडलेला नाही. असं खुद्द नानाच सांगत. चाळीसगावच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं कंट्रोलर. गर्दीतला विनातिकीट माणूस चालीवरून ओळखत. फक्त स्वतःचे केस कधी आणि कुठल्या गाडीने गेले, तेवढा तपास राहिला होता.

त्यासाठीच धुळ्याच्या डॉक्टरांनी तांबडा दिवा दिला. डोळ्यांवर फडकं बांधून रोज संध्याकाळी वीस मिनिटं टक्कल त्याच्याखाली धरायचं. चाळीस दिवस. एक खाडा झाला, की पुन्हा पहिल्यापासून. एकोणचाळीस दिवसांत तीन केस उगवले होते. त्यातला एक बायकोच्या, झुंबरबाईंच्या मते शालीचा धागा होता.

आज चाळिसावा दिवस, आणि दिवा गायब!

नानांनी भिंग काढलं. टेबलावर चिमूटभर ओली कणीक.

"चोर पोळ्या करता करता आला. म्हणजे बाई. टकल्या नवऱ्याची!"

असं घर आळीत एकच, यशोदाबाईंचं. त्यांचा नवरा भाईदास ओट्यावर चहा पीत होता.

"भाईदास, दिवा काढ!"

भाईदासने शांतपणे टोपी काढली. "नाना, नीट पाहा. चोरीचा काही फायदा झालेला दिसतो का?"

नाना घरी परतले, तर झुंबरबाई सप्ताहाच्या कीर्तनाला निघालेल्या.

"आहो, दिवा मीच दिधा गिरधरले. श्रावणनी हवा, पखवाज सर्दायेल शे, तो शेकाले. तुम्हले सांगं ना मी! फडकं बांधी बठेल व्हतात, मुंडी हालावी तुम्ही."

कीर्तनात पखवाज वाजवणारा गिरधर त्याला कणीक लावता लावताच उठून आला होता. तीस वर्षं कीर्तनात पहिल्या रांगेत बसूनही गुप्तहेराला ती कणीक ओळखू आली नव्हती.

नाना देवळात धावले. दिव्याला हात घालणार, तोच गिरधरने थाप मारली. काल फुसफुसणारा पखवाज आज असा घुमला, की नानांचे केस असते तर उभे राहिले असते. हात आपोआप मागे आला. पण चाळिसावा दिवस! नानांनी टोपी काढली, डोळे मिटले आणि पखवाजाशेजारी दिव्याखाली डोकं वाकवलं.

कीर्तनकार बुवांनी नानांकडे हात केला. "माउली, नम्रता पाहायची तर इथे पाहा! नादापुढे हे मस्तक कसं लवलंय!"

आता वर कसं करणार? वीस मिनिटांचे अडीच तास झाले.

सकाळी टक्कल टोमॅटोसारखं लाल. झुंबरबाईंनी तूप लावता लावता तपासणी केली. दोन केस गेले होते.

उरला होता तो शालीचा धागा.