बढतीचा समाचार

कुणाला बढती मिळाली की हणमंतनाना त्याच्या घरी समाचाराला जात. अभिनंदनाला नव्हे. घरातलं माणूस गेल्यावर आपण जातो, तसे.

धुतलेला पांढरा फेटा बांधून यायचे, पायताण दाराबाहेर काढायचे, भिंतीला टेकून बसायचे आणि बराच वेळ जमिनीकडे बघत राहायचे. मग हलकेच विचारायचे, "कवा कळलं?" बढतीवाला खुशीत सांगायचा, "काल संध्याकाळी. हुकूमच हातात पडला." नाना मान हलवायचे. "लय वाईट झालं. पर आपल्या हातात काय असतंय? धीर धरा. पोरांकडं बघून दिवस काढा." चहाला हात लावायचे नाहीत. निघताना 'येतो' म्हणायचे नाहीत. दुखवट्याच्या घरातून उठताना आपल्याकडे कुणी 'येतो' म्हणत नाही, मुकाट्याने निघून जातात. नानाही तसेच जात. पेढ्यांचं ताट घेऊन बाहेर आलेली घरधनीण नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायची.

साताऱ्याच्या कचेरीत नाना रेकॉर्डातले पट्टेवाले होते. जुन्या कागदांचे गठ्ठे लाल रुमालात बांधायचे, मागितले की सोडायचे, परत बांधायचे. मी तिथेच कारकून. नाना मूळचे उंब्रजकडचे. पहिल्या महायुद्धात पलटणीत होते आणि हवालदार होऊन परतले होते. पण 'हवालदार' म्हणून हाक मारली तर ओ देत नसत. बोगद्याच्या वाटेवर एका खोलीत एकटेच राहायचे. लोक त्यांना येडा हणमंत म्हणत. म्हणोत बापडे. ज्यांची पोरं बापाला पाहुणा समजतात त्या साहेबलोकांनी दुसऱ्याला वेडं ठरवावं, हे मला तेव्हाही पटत नव्हतं. तेव्हा बोलायचं धाडस नव्हतं, आता आहे.

नापास झालेल्याकडे मात्र नाना पेढे घेऊन जात. साधे नव्हे, कंदी पेढे. माझा मेव्हणा मॅट्रिकला तिसऱ्यांदा आपटला तेव्हा घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सासूबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. नाना आले, पुडा मेव्हण्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "ब्येस झालं गड्या. आता आनखी वरीसभर आईच्या हातचं खाशील." सासूबाईंनी पुडा उचलून अंगणात भिरकावला. पुढे तो मेव्हणा मुंबईला चिकटला आणि दिवाळीलासुद्धा येईनासा झाला. तेव्हा त्याच सासूबाईंनी एकदा मला विचारलं, "ते तुमचे पट्टेवाले बरे आहेत ना?"

आमच्या मामलेदारसाहेबांना बढती मिळाली तेव्हा कचेरीत निरोपसमारंभ झाला. हारतुरे झाले, भाषणं झाली. एकेक जण पुढे जाऊन हस्तांदोलन करत होता. नाना पुढे झाले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "सायेब, लय वाईट झालं. बाईसाब कशा हायत?" साहेबांच्या गळ्यातला हार थरथरायला लागला. दुसऱ्या दिवशी माफीचा कागद मागवला गेला. नानांनी तो सांगून माझ्याकडून लिहून घेतला. मजकूर असा होता: 'साहेबांना दुःख झालेले नाही असे साहेब म्हणतात. सबब समाचार परत घेतला आहे.' एवढंच. मी म्हटलं, "नाना, नोकरी जाईल." ते म्हणाले, "जाऊ द्या की. त्येचा समाचार तुमी घ्या." नोकरी गेली नाही. साहेबांना जायची घाई होती.

त्यांना स्वतःला पट्टेवाल्यांचा जमादार करायचं तीनदा ठरलं. तिन्ही वेळा ते आजारी पडले आणि दुसऱ्याची नेमणूक झाल्यावर खणखणीत बरे झाले. विचारलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे. "आवं, बढती आली की घरातलं कायतरी जातंयच. काय गेलं त्ये उशिरा कळतंय. म्हनून समाचार आदीच घ्यावा."

मीही हसायचो. खोटं कशाला बोलू? माझी पाळी येईपर्यंत मीही हसतच होतो.

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि दक्षिणेकडच्या भागाचं ठाणं सांगलीला गेलं, तेव्हाची गोष्ट. तिकडे नवी कचेरी उभी राहत होती. मला हुकूम आला: अव्वल कारकून म्हणून सांगलीला चार दिवसांत हजर व्हावे. दहा वर्षं मी ज्या खुर्चीकडे डोळे लावून बसलो होतो, ती खुर्ची. पण घरात माझ्या बायकोला, कमलला, आठवा लागलेला. आमचं पहिलं मूल तासाभराचं होऊन गेलं होतं. डॉक्टरांनी या खेपेला तिला गाडीत बसायला मनाई केली होती. सासूबाई मागेच गेल्या होत्या, तिला माहेर असं उरलं नव्हतं. शेजारच्या काकूंच्या भरवशावर तिला ठेवायचं आणि आपण पुढे जायचं, असं मी ठरवलं. कमलनेच मला तसं ठरवायला लावलं, म्हणा ना. "जा तुम्ही," ती म्हणाली, "सगळ्या बायकांना होतात मुलं." आणि तिने शिरा केला.

शिऱ्याचा पहिला घास घेतला आणि दारात पांढरा फेटा दिसला.

नाना भिंतीला टेकून बसले. जमिनीकडे बघितलं. "कवा कळलं?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कमल मात्र स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आली. "नाना, इतरांकडे हे सोंग चालतं. माझ्या घरात ही अशुभ भाषा नको. तुम्हाला कुणाचं बरं झालेलं बघवतच नाही का? एकटा माणूस, ना बायको ना मूल, तुम्हाला काय कळणार?"

तिला थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही, कारण तिने माझ्याच मनातलं बोलून टाकलं होतं.

नाना म्हणाले, "बायकू हुती, वैनीसाब."

आम्हाला हे ठाऊक नव्हतं. कचेरीत कुणालाच नव्हतं.

"लढाईत तिकडं बसऱ्याला हुतो. मुदत सपली हुती, घरी याचं हुतं. कप्तान म्हनला, आनखी दोन वर्सं ऱ्हा, हवालदार करतो. तिला कागद धाडला, तू आता हवालदारीन हुनार म्हनून. फीत लावली त्या दिशी पोरांनी मला खांद्यावर घिऊन नाचवलं. आन् हिकडं मानमोडीच्या तापाची साथ. तिला जाऊन तवा म्हैना झाल्ता. मी नाचत हुतो तवा. कागद मागनं आला."

कमल खाली बसली.

"मुदत भरल्याबिगर सोडत्यात व्हय? गावात आलो तवर दोन वर्सं झाल्ती. सुतक कवाच फिटल्यालं. येशीत ढोल लावल्यालं. जो भेटंल त्यो हवालदार, हवालदार करतोय. पेढं चारत्यात. तिचं नाव काढून येक मानूस माज्याजवळ बसला न्हाई." त्यांनी फेट्याचा शेव डोळ्यांना लावला नाही, आवाजही चढवला नाही. "मला समाचाराला कुनीबी आलं न्हाई, भाऊसायेब."

एवढं बोलून ते उठले. 'येतो' म्हणाले नाहीत. शिरा तसाच गार झाला.

सोमवारी मी अर्ज दिला की घरगुती अडचणीमुळे सांगलीस हजर होता येत नाही. हेडक्लार्क म्हणाले, "अशी संधी पुन्हा यायची नाही. लोक हसतील." मी म्हटलं, "हसू देत." माझी जागा आमच्याच कचेरीतल्या, मूळच्या तासगावच्या एका कारकुनाला मिळाली. त्याच्याकडेही नाना समाचाराला जाऊन आले.

पुढचंही सांगून टाकतो. आम्हाला मुलगी झाली आणि ती जगली. मी सांगलीला असतो तरी कदाचित जगली असती. मी काही सुईण नव्हे. पण तिचं पहिलं रडणं मी दाराबाहेर उभं राहून ऐकलं, आणि कमलने आतून आधी माझं नाव घेतलं. कारकून आलो तो कारकूनच राहिलो. मागून आलेले पुढे गेले, त्यांतल्या दोघांना मी उठून नमस्कार केला. वाईट वाटलं का? वाटलं. कमलही महिनाअखेरीला त्या खुर्चीची आठवण काढते. तरी मी हरलो असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन, आजही.

पण त्या सोमवारची संध्याकाळ सांगायची राहिली. अर्ज देऊन मी घरी गेलो, धुतलेलं धोतर नेसलो आणि बोगद्याच्या वाटेला लागलो. नानांची खोली मी पहिल्यांदाच बघत होतो. एक घोंगडी, एक चूल, दोन भांडी. कोनाड्यात कंदी पेढ्यांचा पुडा होता. अर्जाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि ते माझ्याकडेच निघायच्या बेतात होते. मला बघून त्यांचा हात पुड्याकडे गेला.

मी चपला दाराबाहेर काढल्या. भिंतीला टेकून बसलो. जमिनीकडे बघत राहिलो.

नानांचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी पुडा कोनाड्यात मागे सारला आणि माझ्यासमोर बसले.

"नाना," मी म्हटलं, "फार वाईट झालं."

बाहेर कुणाची तरी बैलगाडी चढ चढत होती, ती निघून गेली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "चंद्रा नाव हुतं. भाकरी थापताना गानं म्हनायची. आवाज काय बरा नव्हता." आणि मग तीस वर्षांपूर्वी रडायचं राहून गेलेलं ते रडले.

मी बसून राहिलो. त्यांचं रडणं ओसरल्यावर उठलो. सवयीने 'येतो' ओठांवर आलं होतं, ते गिळलं, आणि चपला घालून मुकाट्याने बाहेर पडलो.