गुरुलिंगप्पांची टीम

हैदराबादच्या फुटबॉल टीमची मॅच असली, की आमच्या उमरग्यात गुरुलिंगप्पा शिंपी अनवाणी फिरायचे. टीम अनवाणी खेळते, मग आपण वहाणा कशा घालाव्या? पेपर यायचा तिसऱ्या दिवशी. म्हणजे मॅच कधीच संपलेली, खेळाडू जेवून झोपलेले, आणि हे गृहस्थ भर उन्हात चटके सोसतायत!

"आप्पा, आता खुद्द भवानीनं मनात आणलं तरी गोल फिरायचा नाही," मी म्हणायचो.

"पेपर आला का, मास्तर? न्हाय ना? मंग मॅच चालू हाय."

निजामाचं राज्य, म्हणून पेपर उर्दू. आप्पा उर्दू फाडफाड बोलायचे, पण वाचता यायचं नाही. ते काम शेजारी म्हणून माझ्या गळ्यात. शाळेत पोरं डोकं खायची, घरी आप्पा.

तरुणपणी ते हैदराबादेत शिवणकाम करायचे. शेजारच्या मशीनवर रहमत बसायचा. तोच पुढं टीमचा लेफ्ट आउट झाला, डाव्या कडेनं पळणारा गडी. त्याच्या गोलाची बातमी एकदा वाचून आप्पांचं कधी भागलं नाही.

पुढं टीमनं बूट घातले. आप्पांचं तोंड कडू झालं. "खेळ न्हाय ह्यो, कवायत! हातमोजे घालून भाकरी थापता येती व्हय?"

रझाकारांच्या धामधुमीत पेपर बंद, दुकान अर्धं बंद. मग मिलिटरी आली, निजामाचं राज्य गेलं. गावचे झेंडे आप्पांनीच शिवले, हौसेनं. पण टीम फुटली, कोण कुठं गेलं पत्ता नाही. रहमतला धाडलेली तिन्ही पत्रं परत आली.

"देश गावला, मास्तर. लई बरं झालं. पर टीम न्हाय."

"मग देशाच्या टीमला टाळ्या वाजवा की!"

"वाजवतो. हात दुखत्यात."

मला रागच यायचा. एका चेंडूसाठी माणसानं किती झुरावं!

पुढं पेपर पुन्हा सुरू झाला. एका दुपारी तो आला. दुकानात चारजण बसलेले. मी वाचलं, कराचीच्या टीमनं मुंबईच्या टीमला हरवलं. गोल रहमतचा, जुन्या हैदराबादी टीमचा लेफ्ट आउट.

"आपल्यावरच गोल? नमकहराम!" एकजण म्हणाला.

आप्पांचं मशीन थांबलं. "परत वाचा."

वाचलं.

"नुसतं नाव वाचा."

तेही वाचलं. आप्पांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली. "जित्ता हाय, मास्तर," ते म्हणाले. "जित्ता हाय त्यो."

मला माझीच लाज वाटली. मी त्यांच्याजवळ सरकून बसलो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.