टाचेपासून गुडघ्यापर्यंत

गोविंदमामा पाया पडायला वाकले की आमच्या कुरुंद्यात माणसं पाय मागे घेत. मामांचा आदर खराच असे. पण वाकल्या वाकल्या ते सुतळी काढून समोरच्याच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत लावत आणि तिथं गाठ मारत. दौऱ्यावर आलेल्या तहसीलदाराचंही माप त्यांनी असंच घेतलं. साहेब आशीर्वाद देत होते, आणि मामा खालून म्हणत होते, "जरा हालू नका, सायेब."

मामा गावचे सुतार. निम्मं आयुष्य औतं आणि बैलगाड्या करण्यात गेलेलं. पंचेचाळिशीत त्यांच्या मनानं घेतलं, की खुर्च्या-मेजं करायचं रीतसर शिकायचं आणि सनद आणायची. सनदेशिवाय कचेरीचं काम मिळत नव्हतं. निजामाच्या राज्यात हुन्नरशाळेतलं शिक्षण उर्दूत. म्हणून ते आधी माझ्याकडे, म्हणजे गावच्या मास्तराकडे, अलिफ-बे गिरवायला बसले. उजवीकडून लिहिणं त्यांना चटकन साधलं. म्हणाले, "करवत बी दोन्हीकडून चालती, मास्तर."

शहरातल्या हुन्नरशाळेत पहिल्याच आठवड्यात उस्तादांशी वाजलं. उस्तादांनी फळ्यावर खुर्चीची उंची लिहिली, अठरा इंच. मामा उभे राहिले.

"जू बैलाच्या मानंवर मापतेत. बैल बदलला की जू बदलतं. मंग मानसालाच काहून एक माप?"

वर्गातली पोरं हसली. उस्तादही हसले, पण अठरा इंच पुसले नाहीत.

वर्षअखेर परीक्षेला प्रत्येकानं एक खुर्ची करायची होती. मामांनी सागाची केली. सांधे असे, की नख शिरू नये. उंची मात्र चौदा इंच. परीक्षकांनी ती हलवून पाहिली, उलटी करून पाहिली. काम त्यांना पसंत पडलं. गिऱ्हाइकाच्या मापाची असेल तर चालेल, फक्त कागदावर त्याचं नाव लिहायचं, असं ते म्हणाले.

"किसका नाप है, मिस्त्री?"

वर्षभर ज्यांच्या तोंडाला खीळ नव्हती ते मामा खाली बघत राहिले. नाव लिहिलं नाही, सांगितलंही नाही. परीक्षकांनी पुन्हा एकदा विचारलं आणि नापास केलं.

खुर्ची बैलगाडीत घालून ते परतले, तेव्हा मला हे कळलं. माप मामींचं होतं. मामी अगदी ठेंगण्या. गुडघे धरलेले, त्यामुळे जमिनीवरून उठवत नसे, आणि कुणाच्या खुर्चीवर बसल्या तर पाय लोंबकळत.

"मग सांगायचं होतं की, मामा!"

"चार परक्या मानसांत घरच्या बाईचं नाव घ्यावं का, मास्तर? आन् तुमी बी आमच्या घरी बोलू नका."

मी बोललो नाही. कचेरीचं काम दुसऱ्याला गेलं. मामा पुन्हा औतं करू लागले. पाया पडणं तेवढं चालूच राहिलं.

मामांना जाऊन आज पंधरा दिवस झाले. मी भेटायला गेलो, तेव्हा मामी त्याच खुर्चीवर बसल्या होत्या. दोन्ही पावलं जमिनीवर टेकलेली.

"माप चुकलं म्हून ह्यांना नापास केलं म्हनं," त्या म्हणाल्या. "मला तर कवाच चुकलेलं वाटलं न्हाई."

इतकी वर्षं राखलेलं मौन मग मी मोडलं. सगळं सांगितलं. मामींनी पदरानं खुर्चीची कड पुसली.

"घ्यायचं व्हतं की नाव," त्या म्हणाल्या. "मी कुठं व्हते तिथं ऐकायला?"