लादीवरचं सारवण

दुधासारख्या पांढऱ्या, चकचकीत लादीवर लाल माती पसरून, ती चोपण्याने चोपून, वरून शेणाने सारवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमचा शेजारी आहे.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. इथे मुंबईच्या पैशाने घरोघरी शेणाची जमीन जाऊन लादी आली. लादी जाऊन शेणाची जमीन आली ती फक्त धाकूतात्यांच्या घरी. इथली सगळी नावं मी बदलली आहेत. तात्यांचं, त्यांच्या मुलाचं, कुत्र्याचंसुद्धा. का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. महाडच्या कॉलेजातून बी. कॉम. झाले आणि महाडलाच एका पतसंस्थेत नोकरीला लागले. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे, आणि दुसरं म्हणजे धाकूतात्या मला नावाने हाकच मारत नाहीत. "गो ग्रॅज्वेट! हिकडं ये. ह्या डब्यावर काय लिवलंय ते वाच." माझ्या पदवीचा जेवढा वापर तात्यांनी केला, तेवढा मी स्वतःसुद्धा अजून केलेला नाही.

तात्यांचा एक ठेवणीतला शब्द आहे. पकड. कुठेही गेले की आधी वाकून जमीन बघायची, मग चप्पल काढून टाच घासायची आणि निकाल द्यायचा. देवळाच्या नव्या सभामंडपात सगळे वर झुंबराकडे बघत होते, तात्या खाली. "झुंबर झकास हाय. जमिनीला पकड नाय." महाडला एका लग्नाच्या हॉलमध्ये त्यांनी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "नवरीला दोघींनी धरून आणा. हॉलला पकड नाय." एकदा आमच्या पतसंस्थेत आले, पायरीवर टाच घासली आणि भर ऑफिसात ओरडले, "ग्रॅज्वेट, तुझ्या हापिसाला पकड नाय!" साहेबांना वाटलं वसुलीबद्दल बोलतायत. आठवडाभर ते माझ्याशी नीट बोलत नव्हते.

हे सगळं कुत्र्यामुळे, असं वाडीत सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

तात्यांची बायको, सगुणाकाकी, लादी बसवली त्याच वर्षी गेली. शिमग्याला घरभर लादी झाली, आणि चैत्रात काकी विहिरीवर शेवाळावरून घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणाला खिळली ती पुन्हा उठली नाही. त्यानंतर तात्या पडवीत तीन दगड मांडून भात शिजवायला लागले. घरात गॅस असताना! आई म्हणायची, "तात्या, आत करा की." तर म्हणत, "एकट्याला आत कशाला?"

मुलगा महेश मुंबईला. बाप एकटा राहतो म्हणून त्याने मित्राकडून लॅब्राडॉरचं पिल्लू आणून दिलं. नाव ब्रूनो. तात्यांनी आठवडाभरात त्याचा बुरन्या केला. पिल्लू वाढलं, अंगाने वासराएवढं झालं, पण चालायचं विचित्र. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकायचं. पुढेपुढे बसलं की उठेना. लादीवर तर मागचे पाय दोन दिशांना फाकायचे आणि ते तसंच पोटावर बसून तात्यांकडे बघत राहायचं.

महाडच्या जनावरांच्या डॉक्टरकडे मला सोबत नेलं. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म काढली, उजेडावर धरून समजावलं: खुब्याची वाटी उथळ आहे, हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही, हलतो, घासतो. तात्या उठून फिल्मच्या अगदी जवळ गेले.

"खुबा?"

"हो. खुबाच."

"असली फिलम मी बघितली हाय," तात्या म्हणाले. मग विचारलं, "हे लादीनं होतं?"

"जन्मतःच असतं. पण गुळगुळीत जमिनीवर घसरून घसरून वाढतं. लादीवर चालवू नका. वजन वाढू देऊ नका. उडी नको, जिना नको. थोडं थोडं चालवा, पोहता आलं तर उत्तम. दुखणं वाढलं की गोळ्या आहेत. नीट सांभाळलात तर पुष्कळ जगेल."

परतीच्या वाटेवर तात्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट तीनतीनदा वदवून घेतली. "डॉक्टर म्हणाला ना, लादीवर चालवू नका? तू ऐकलंस ना? तू ग्रॅज्वेट हायस, तू साक्षीदार." कसला एवढा आनंद झालाय ते मला कळेना.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी लादीवर शेण सारवलं. ते वाळून पापडासारखं उचललं गेलं. मग ओढ्यापलीकडची लाल माती आणली, थर दिला, चोपला, वर सारवण केलं. पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर. स्वयंपाकघरातला थर सगळ्यात जाड. आणि त्या दिवसापासून पडवीतले दगड गेले, तात्या आत भात शिजवू लागले.

मग ब्रूनोचा संसार सुरू झाला. त्याचं वजन भाताच्या गिरणीच्या काट्यावर व्हायचं. पोत्यांच्या रांगेत तात्या कुत्र्याला घेऊन उभे. कोणी भाकरीचा तुकडा टाकला की तात्या त्याच्या दारात जाऊन भांडत. "तू प्रेमानं घालतेस, गो, पण ते वजन त्याच्या खुब्यावर बसतं!" ओट्याच्या पायऱ्यांवर फळी ठोकून तिला काथ्या गुंडाळला. ओढ्याच्या डोहात तात्या छातीभर पाण्यात उभे राहून त्याला पोहायला लावत. थंडीत गरम विटेचा शेक. आणि चढ आला की काकीचं जुनं नऊवारी लुगडं त्याच्या पोटाखालून घालून दोन्ही टोकं हातात धरून मागून चालत. पोरं ओरडायची, "तात्या, वरात निघाली काय?" तात्या म्हणत, "निघाली. अक्षता टाका, भाकर टाकू नका." ब्रूनो खरोखरच सुधारला. त्याला घरभर मोकळीक होती. फक्त स्वयंपाकघरात बंदी. तिथे देव्हारा. उंबऱ्याशी आला की तो आपोआप बसायचा.

महेशदादाला यातलं काही माहीत नव्हतं. मागच्या शिमग्याला त्याला सुट्टी मिळाली नव्हती. व्हिडिओ कॉल आला की तात्या फोन घेऊन थेट अंगणात. "आत रेंज नाय रे!" आमच्या वाडीत रेंज फक्त घरातच येते, अंगणात नाही. म्हणजे कॉल कापला जायचा आणि तात्या सुटायचे. पण गणपतीला तो येणार होता. सगळी वाडी श्वास रोखून होती.

तो आला, गणपतीच्या आदल्या दिवशी, बायकोला घेऊन. हातात मखराचं सामान. मी तात्यांकडे दूर्वा द्यायला गेले होते. महेशदादा दारातच थांबला.

"हे काय आहे?"

"सारवण."

"ते दिसतंय. लादी कुठाय?"

"खाली हाय. तुझी लादी काय पळून जात नाय."

"बाबा, उद्या माझे सासरे येतायत! त्यांना मी फोटो दाखवलेत. इटालियन डिझाइन आहे ती."

"आसंल. कुत्रा हितला हाय."

मला हसू आलं, पण महेशदादाच्या चेहऱ्याकडे बघून ते गिळलं. त्याच्या कानशिलावरची शीर उडत होती. ओव्हरटाइम करून घातलेली लादी होती ती.

"कुत्र्यासाठी घर बुडवलंत शेणात? ठीक आहे. प्रॉब्लेम कुत्र्याचा आहे ना? विसर्जन झालं की गाडीत घालून नेतो. तिकडे डॉक्टर ओळखीचा आहे. एक इंजेक्शन. तो पण सुटेल, तुम्ही पण सुटाल."

तात्यांनी हातातली बादली खाली ठेवली. ब्रूनो शेपूट हलवत महेशदादाचे बूट हुंगत होता.

"दादा," मी म्हणाले, "डॉक्टरांनी फिल्म बघून सांगितलंय, नीट सांभाळलं तर तो पुष्कळ जगेल. बरं चाललंय त्याचं. जिवंत जनावराला लादीपायी मारणार?"

"तू मध्ये पडू नको."

"शेजारी मध्ये नाही पडणार तर कोण पडणार?"

त्याने माझ्याकडे पाठ केली. "आई असती ना बाबा, तर तिने मातीचा कण पडू दिला नसता. तिच्यासाठी घातली होती मी ही लादी."

तात्यांनी तोंड उघडलं. आता हे काहीतरी भयंकर बोलणार, असं मला वाटलं. पण त्यांनी ते मिटलं.

"काढ," ते म्हणाले. "सगळी माती काढ. कुत्र्याला हात लावू नको."

महेशदादाने फावडं घेतलं आणि थेट स्वयंपाकघरात शिरला. उद्याचा नैवेद्य तिथे व्हायचा होता. माती ढेकळांनी निघाली. त्याने बादल्या ओतून ती धुतली. खालून लादी दातांसारखी पांढरी चमकली. तात्या उंबऱ्यात रिकामं गोणपाट हातात धरून उभे. ब्रूनोची हनुवटी उंबऱ्यावर. फक्त फावड्याचा लादीवर घासल्याचा आवाज.

तेवढ्यात मागच्या दाराने वहिनी आल्या. मोरीवर हातपाय धुऊन, ओल्या पायांनी, हातात तांदळाच्या पिठाची परात.

"थांब गो!"

असा आवाज मी तात्यांचा कधी ऐकला नव्हता. "थांब! पाय उचलू नको!" आणि ते धावले. त्या ओल्या लादीवरून, या वयात, स्वतःच घसरत, गुडघ्यांवर आपटले आणि दोन्ही हातांनी सुनेचे पाय घट्ट धरले.

सासऱ्याने सुनेचे पाय धरले. वहिनींनी परात छातीशी धरली. "बाबा, अहो काय करताय! सोडा!" तात्या सोडेनात. खांद्यावरच्या पंच्याने तिचे तळवे पुसत होते. "आधी पाय कोरडे कर, पोरी. आधी कोरडे कर."

महेशदादाच्या हातातलं फावडं पडलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"एवढ्यासाठी पाय धरता, बाबा? एका कुत्र्यासाठी? तिचे?" त्याने तात्यांना काखेत धरून उठवलं. "नाही नेत. ऐकलंत ना? नाही नेत त्याला. राहू दे इथेच. राहू दे तुमचं सारवण."

तात्यांनी पोराला जे वाटलं ते वाटू दिलं. गोणपाट तेवढं लादीवर अंथरलं.

दुसऱ्या दिवशी महेशदादाचे सासरे आले. माजघरातलं सारवण बघून हरखले. "वा! असलं आता बघायला मिळत नाही!" म्हणत त्यांनी वाकून फोटो काढले. महेशदादा म्हणाला, "हो, मुद्दाम करून घेतलंय." मी तात्यांकडे बघितलं. तात्या झुंबर बघावं तसे छताकडे बघत होते.

पण त्या दिवसापासून माझं डोकं चालायला लागलं होतं. ब्रूनो अंगणात कितीदा पडला, तात्या कधी तसे ओरडले नाहीत. ब्रूनो स्वयंपाकघरात जातच नाही, मग तिथला थर सगळ्यात जाड का? कुत्रं येईपर्यंत तात्या पडवीत का शिजवत होते? आणि आमच्या विहिरीवर शेवाळ धरतं ते पावसात. काकी पडली चैत्रात. चैत्रात विहिरीचा कठडा तव्यासारखा तापलेला असतो. सगळ्या वाडीने मान डोलावली होती, मीही डोलावली होती, आणि एकाही माणसाने विचारलं नव्हतं की शेवाळ कुठलं?

पाहुणे मुंबईला गेले त्या संध्याकाळी मी तात्यांकडे गेले. ते स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून माती चोपत होते. मी तोंडावर बोलणारी बाई आहे. सरळ विचारलं.

"तात्या, काकी विहिरीवर नव्हती ना पडली?"

चोपण्याचा आवाज थांबला नाही.

"विहिरीवरच पडली. सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"तात्या."

मग तो थांबला. तात्या हातावरची माती बघत राहिले.

"रोज फोन करायचा पोरगा. आये, लादी कशी वाटते? ती सांगायची, आरशासारखी हाय रे, वाकलं की केस विंचरता येतात. लय हसायची." त्यांनी चुलीच्या ओट्याजवळचा एक कोपरा हाताने सारखा केला. तिथे माती आधीच सारखी होती. "आता त्याला काय सांगू, तूच सांग. तू शिकलेली हायस."

बी. कॉम.च्या कुठल्याच विषयात ते नव्हतं. मी पदर खोचला, बादलीतलं शेण घेतलं आणि दुसऱ्या टोकाकडून सारवायला लागले. आईने लहानपणी शिकवलेलं हात विसरले नव्हते.

थर जरा सुकल्यावर तात्या उठले, चप्पल काढून टाच घासली. एकदा, पुन्हा एकदा, त्या कोपऱ्यात जरा जास्तच.

"पकड हाय," ते म्हणाले. "चाल आता बिनधास्त."

मला म्हणाले की आणखी कोणाला, मी विचारलं नाही. ब्रूनो उंबऱ्याबाहेर, हनुवटी उंबऱ्यावर टेकून, आत बघत पडला होता.